विद्यापीठाची वाट

1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळच्या विद्यार्थ्यांचा नागपूरचा सुमारे 150 किलोमीटरचा फेरा 90 किलोमीटरवर आला. तत्पूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. दारव्हा-कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे (आता तीही बंद आहे) फारच संथ. त्यामुळे भिस्त राहिली ती नेरमार्गे धावणाऱ्या एस.टी.वरच. सवलतीच्या पासामुळे विद्यार्थ्यास भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो.

उमरखेडचा प्रश्न मात्र निराळा आहे. पैनगंगेपलीकडील नांदेड त्याला अमरावतीहून कितीतरी जवळ. तेथे 1994 पासून विद्यापीठही आहे. परंतु संलग्नता अमरावतीची! तेथील कार्यालयात एखाद्या कामासाठी स्वतः जायचे, तर या विद्यार्थ्यास जवळजवळ सारा जिल्हा ओलांडावा लागतो.