एक भ्रमणध्वनी, सर्वांची उत्तरे

वर्गात प्रश्न विचारला की ठरावीक हातच वर होतात. अबोल मुलास पाठ समजला की नाही, हे कळत नाही. ‘प्लिकर्स’ या ॲपच्या साहाय्याने ही उणीव शिक्षकांच्या एकाच भ्रमणध्वनीने दूर करता येते.

प्रत्येक विद्यार्थ्यास निराळ्या आकृतीचे छापील पत्रक द्यावे. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय होत. निवडलेला पर्याय वर येईल असे पत्रक मुलांनी धरावे. शिक्षकांनी कॅमेरा वर्गावरून फिरविताच उत्तरे नावानिशी नोंदली जातात. आकृत्या भिन्न असल्याने शेजाऱ्याचे उत्तर सहसा ओळखता येत नाही.

४ हा ३ हून मोठा, म्हणून १/४ हा १/३ हून मोठा, असे अनेकांस वाटत असल्याचे आढळल्यास भाकरीचे भाग करून पुन्हा शिकवावे. चुकलेल्यांची नावे मात्र वर्गात वाचू नयेत.