पाण्यातील पारा, ताटातील मासा

तानसा जलाशयाच्या शहापूर तालुक्याशेजारील मुरबाड तालुक्यातून वाहत येणारी काळू नदी कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबिवली परिसरात औद्योगिक सांडपाण्यावाटे तिच्यात पारा मिसळला. गाळातील जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. शेवाळ, कीटक, लहान मासा, मोठा मासा या क्रमाने त्याचे प्रमाण वाढत जाते. कारण शरीरातून तो फार सावकाश बाहेर पडतो. याच नियमाने दूरच्या ध्रुवीय समुद्रातील सीललाही पारा बाधतो. शिजविल्याने तो नष्ट होत नाही. १९५६ साली उघडकीस आलेल्या जपानमधील मिनामाता रोगाने गर्भस्थ बालकांनाही ग्रासले. म्हणूनच नदीचे केवळ पाणी तपासणे पुरेसे नाही. गाळ व मासे यांचीही तपासणी अगत्याची आहे.