तलावांतील मासेमारी आणि वळवाचें वादळ

शेतकीच्या मासिकांत नावेचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. वर्धा जिल्हा कापसाचा, तुरीचा व सोयाबीनचा. येथें नावेचें काय काम, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येईल. परंतु गेल्या साठ वर्षांत या जिल्ह्यांत पाण्याचा विस्तार किती वाढला आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा प्रश्न राहणार नाहीं. बोर नदीवरील धरण १९६५ सालीं झालें. त्यामागून धाम, पोथरा, पंचधारा, मदन, डोंगरगांव हे तलाव व आर्वी तालुक्यांत धनोडीजवळचें निम्न वर्धा धरण असे मोठे जलाशय होत गेले, व शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी पसरलें. या पाण्यांत कटला, रोहू व मृगळ यांचें बीज सोडलें जातें. मासे धरण्याचें काम मुख्यतः भोई बांधवांचें. पण हंगाम आटोपल्यावर शेतकऱ्यांचीं मुलेंही डोंगा घेऊन पाण्यावर जातात, आणि ज्यांचें शेत पाण्याच्या पलीकडे राहिलें त्यांस तर नाव हा घरचाच रस्ता झाला आहे. भोयाचा मुलगा पाण्यावर वाढतो. शेतकऱ्याचा मुलगा मोटेच्या किंवा पंपाच्या विहिरींत पोहावयास शिकलेला असतो. विहिरींतील पोहणें आणि वादळांतील तलाव यांत फार अंतर आहे.

आमच्या इकडे तलावावरील खरा शत्रु पावसाळ्यांतील झड नव्हे. झडीचा पाऊस दोन दिवस आधीं आपली वर्दी देतो, व अशा दिवशीं कोणी सहसा नाव सोडीत नाहीं. भय आहे तें वळवाच्या पावसाचें. चैत्रापासून मृगापर्यंत दुपारच्या उन्हानें जमीन तापते, तापलेली हवा वर चढते व तिसऱ्या प्रहरीं पश्चिमेस किंवा वायव्येस काळा ढग डोंगरासारखा उभा राहतो. त्या ढगांत पाऊस पडूं लागला म्हणजे थंड झालेली जड हवा खालीं कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहोंकडे पसरते. हेंच तें वावधन. तें पावसाच्या आधीं येतें, हें नीट ध्यानांत ठेवावें. 'अजून थेंबही नाहीं' असें म्हणून जो थांबतो, त्याला वारा गांठतो. त्याच्या आधीं थोडा वेळ हवा अगदीं पडते, पाणी आरशासारखें स्थिर होतें. मग एकाएकीं अंगाला गार झुळूक लागते, वाऱ्याची दिशा फिरते आणि दूरच्या कांठावर धुळीचा पडदा उठलेला दिसतो. गार झुळूक लागल्यावर हातांत फारच थोडा वेळ असतो.

आतां दुर्दैव असें कीं, तलावांत जाळें लावण्याची वेळ आणि या वादळाची वेळ बहुधा एकच पडते. उभें जाळें सायंकाळीं लावावें व पहाटे काढावें, अशी रीत आहे. म्हणजे ढग जेव्हां फुटावयास आलेला असतो, नेमका तेव्हांच माणूस पाण्याच्या मध्यभागीं, नावेच्या एका बाजूस वांकून जाळें सोडीत असतो. यावर आमची सूचना साधी आहे. एप्रिल, मे व जूनच्या आरंभीं जाळें सकाळींच लावून मोकळें व्हावें, किंवा ढग दिसत असल्यास त्या दिवशीं लावूंच नये. एका रात्रीची मासळी बुडाली तर तलाव कांहीं कोठें जात नाहीं.

किती वेळ मिळतो याचा हिशेब प्रत्येकानें एकदां करून पाहावा. वादळाचा ढग ताशीं ४० किलोमीटर वेगानें येत आहे असें धरलें, तर १० किलोमीटरवरून तो १५ मिनिटांत डोक्यावर येतो. एकटा माणूस वल्ह्यानें लहान नाव ताशीं ३ किलोमीटरांहून फारशी जलद नेऊं शकत नाहीं. म्हणजे १५ मिनिटांत त्याची मजल पाऊण किलोमीटर, आणि तीही वारा सुटण्यापूर्वीं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस एक किलोमीटर अंतर होतें. तीस मोजण्याच्या आंत आवाज आला तर ढग १० किलोमीटरांच्या आंत आहे असें समजावें आणि हातचें काम टाकून कांठ धरावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास होईपर्यंत पुन्हां पाण्यावर जाऊं नये. उघड्या पाण्यावर नावेंत बसलेला माणूस हीच सर्वांत उंच वस्तु असते, त्यांत तो उभा राहून ओला बांबू हातांत धरील तर विजेस दुसरें काय हवें? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें तयार केलेली 'दामिनी' ही सोय मोबाइलवर फुकट मिळते व जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. नागपूरच्या हवामान केंद्राचे इशारेही मिळतात. ते घाटावर निघण्यापूर्वीं पाहावे. मात्र तलावाच्या खोलगट जागीं मोबाइल पुष्कळदां मुका होतो. ढग पाहण्याचें काम डोळ्यांनीं सोडूं नये.

कांठ कोणता धरावा, याविषयीं पुष्कळांची चूक होते. माणसाचें मन आपल्या गांवच्या घाटाकडे ओढतें. घाट समोर दिसत असतो, घर तेथें असतें, म्हणून तो वाऱ्यास आडवी नाव घालून एक किलोमीटर पाणी कापूं पाहतो आणि मध्येंच उलटतो. घाट विसरावा, जो कांठ सर्वांत जवळ तोच आपला. वारा सुटण्याआधीं वेळ असेल तर ज्या बाजूनें वारा येणार त्या बाजूचा कांठ उत्तम. कारण लाट ही वाऱ्याला जितकें लांब मोकळें पाणी मिळेल तितकी मोठी होते, व वाऱ्याकडील कांठाशीं पाणी जवळ जवळ शांत असतें. धरणाच्या दगडी पिचिंगकडे मात्र आसरा म्हणून कधीं जाऊं नये. तेथें लाट दगडावर आपटून उलट फिरते, येणारी व जाणारी लाट एकमेकींस भिडतात व नाव दगडांवर फुटते. सांडव्याच्या व दरवाजांच्या बाजूचें तर नांवही काढूं नये. गवताचा किंवा चिखलाचा उतरता कांठ पाहावा, गुडघाभर पाण्यांत उतरावें आणि नाव ओढून तेथेंच बसावें, पण एकट्या उंच झाडाखालीं बसूं नये. वळवाचें वादळ बहुधा तासाभरांत ओसरतें. मग दोन कोस पायीं चालून घरीं जावें लागलें तरी चालेल.

२१ मे २०२४ रोजीं उजनी जलाशयावर जें घडलें तें या बाबतींत सर्वांनीं आठवावें. करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे नाव निघाली होती. सायंकाळची वेळ, वळवाचे दिवस; वाटेंत वारा सुटला, लाटांचें पाणी आंत आलें आणि नाव उलटली. एक जण पोहून कांठास लागला. सहा जण बुडाले. उजनी आमच्या तलावांहून पुष्कळ मोठा, हें खरें. पण लहान तलावाची लाट उंचीनें कमी असली तरी आंखूड व उभी असते. एका लाटेंतून नावेचें टोंक वर येतें न येतें तोंच दुसरी येऊन आंत शिरते. उथळ पाण्यांत ती फार लवकर उठते.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना एका मृत्यूचे कागद आमच्या हातून गेले. गांवाचें व घराण्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. मे महिन्यांत दोघे भाऊ जाळें लावीत असतां ढग आला. दोघेही वेळेवर कांठास लागले होते. मग धाकट्यानें जाळ्याचें एक टोंक बांधावयाचें राहिलें म्हणून नाव पुन्हां पाण्यांत घातली. थोरल्यानें त्यास हांका मारल्या, हें त्याच्या जबाबांत आहे. दुसऱ्या दिवशीं पंचांनीं पाहिलें तेव्हां नाव कांठास उपडी लागलेली होती, आणि जाळें मात्र होतें तेथेंच, त्यांत मासळीसह. ते कागद आम्हीं स्वच्छ अक्षरांत लिहून वर पाठविले. जाळें वाऱ्यानें क्वचितच जातें. त्याच्या दोन्ही टोंकांस रिकामी बाटली किंवा डबा बांधून ठेवावा, म्हणजे सुटलें तरी सांपडतें. नवें जाळें कांहीं हजारांस मिळतें.

आतां नावेसंबंधीं. आमच्याकडे लांकडाचा डोंगा, पत्र्याची नाव आणि हल्लीं फायबरची नाव अशा तीन तऱ्हा दिसतात. कित्येक जण मोटारीच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळें लावतात. तिला नाव म्हणणेंच चूक, कारण वारा तिला पाचोळ्यासारखी नेतो व वल्ह्याचें तिजपुढें कांहीं चालत नाहीं. नाव कोणतीही असो, तिला बुडविणारीं कारणें दोनच: जास्त ओझें आणि आंत आलेलें पाणी. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं आमच्याच वर्धा नदींत, वरुड तालुक्यांतील झुंज येथील धबधब्याजवळ, नाव उलटून अकरा जण गेले. ते एकमेकांचे नातलग होते. ९ जुलै २०१७ रोजीं नागपूरजवळच्या वेणा जलाशयावर एका लहान नावेंत अकरा जण बसले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक परत आले नाहींत. ही वेणा म्हणजे पुढें हिंगणघाटावरून वाहणारी आपलीच नदी.

ओझ्याचा निवाडा बसणाऱ्याच्या तोंडावर सोडूं नये, कारण 'आणखी एक मावेल' हें वाक्य घाटावर नेहमींच ऐकूं येतें. नावेच्या दोन्ही अंगांस, कांठापासून एक वीत खालीं, पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा. माणसें, जाळीं व मासळी धरून पट्टा पाण्याखालीं गेला कीं एक जण उतरलाच पाहिजे, मग तो पाहुणा असो वा पाटील. आंत आलेल्या पाण्याविषयीं एक हिशेब सांगतों. नाव ४ मीटर लांब व १ मीटर रुंद असून तींत १० सेंटिमीटर पाणी सांचलें, तर तें ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो झालें. सहा माणसें फुकट बसलीं असेंच समजा. आणि हे सहा पाहुणे एका जागीं बसत नाहींत! नाव डावीकडे कलली कीं सगळें पाणी डावीकडे धांवतें व तिला आणखी कलविते. म्हणून पाणी उपसण्याचा डबा दोरीनें नावेस बांधलेला असावा. सुटा ठेवलेला डबा नाव कलतांच प्रथम पाण्यांत जातो.

इतकें करूनही वाऱ्यानें मध्येंच गांठलें तर सर्वांनीं बांकावरून उतरून नावेच्या तळाशीं बसावें. उभें राहूं नये, एका बाजूस धांवूं नये. नावेचें पुढचें टोंक लाटेकडे, किंचित् तिरपें ठेवावें आणि तेवढें टिकेल इतकेंच वल्हें मारावें. पुढें जाण्याची घाई नको. वल्हें आवरेनासें झालें तर बादली किंवा ओल्या जाळ्याचें घट्ट गाठोडें लांब दोरीनें पुढच्या टोंकास बांधून पाण्यांत सोडावें. तें पाण्यांत ओढ धरतें व नावेचें तोंड वाऱ्याकडे राहतें. दोरी मागच्या टोंकास कधींही बांधूं नये. मागचा भाग बुटका असतो, लाट तेथून सरळ आंत येते. मग नाव मागें मागें सरकत आपोआप कांठास लागते.

नाव उलटलीच, तर ती सोडूं नये. कांठ दिसतो त्याहून नेहमी दूर असतो, आणि उत्तम पोहणाराही लाटांत तोंडांत पाणी जाऊन थकतो. लांकडी नाव उपडी झाली तरी तरंगते. पत्र्याची नाव बुडते. म्हणून तिच्या दोन्ही टोंकांत घट्ट बुचाचे वीस लिटरचे रिकामे कॅन आधींच दोरीनें जखडून ठेवावे. प्रत्येकी सुमारें वीस किलो भार ते पाण्यांत उचलतात. माणसाचें डोकें पाण्यावर ठेवण्यास तर चार-पांच किलोंचा आधार बहुधा पुरतो. खरें तरण-जाकीट तोंड वर ठेवतें, म्हणून तेंच उत्तम, व तें अंगांत घालून बंद बांधलेलें असावें, नावेच्या तळाशीं लोळत नसावें. तें नसेल तर निदान गोड्या तेलाचा पांच लिटरचा कॅन दोरीनें छातीशीं बांधावा. फवारणीच्या औषधाचा कॅन या कामीं घेऊं नये. गमबूट घालून नावेंत बसूं नये. ते पाण्यानें भरले कीं पाय उचलत नाहीं. दारू पिऊन बसलेल्यास कांठावरच ठेवावें, मग तो नावेचा मालक कां असेना.

बुडणाऱ्यास वांचविण्यास उडी टाकणें हा अगदीं शेवटचा उपाय होय. तो गळ्यास मिठी मारतो व दोघेही जातात. बांबू पुढें करावा, दोरी बांधलेला रिकामा कॅन फेंकावा, धोतर किंवा लुगडें फेंकावें. बाहेर काढलेल्यास उलटें टांगणें, चाकावर फिरविणें, पोट दाबणें हे जुने उपाय आतां सोडलेच पाहिजेत. त्यांनीं पोटांतील पाणी फुप्फुसांत जातें व मोलाचा वेळ दवडला जातो. त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवावें. श्वास नसेल तर हनुवटी वर करून नाक दाबावें व आपल्या तोंडानें त्याच्या तोंडांत श्वास भरावा, मग छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं जोरानें व जलद तीस वेळां दाबावें, पुन्हां दोन श्वास, असें गाडी येईपर्यंत करीत राहावें. दुसऱ्या कोणीं तेवढ्यांत १०८ क्रमांकास फोन करावा. शुद्धीवर आला तरी त्यास दवाखान्यांत नेलेंच पाहिजे. कित्येकांस कांहीं तासांनीं पुन्हां धाप लागते.

एक गोष्ट संस्थांनीं करावी. घाटावर एक वही ठेवावी व नाव कोण घेऊन गेलें, कितीजण, कोणत्या बाजूस, व केव्हां परतणार, एवढें तींत लिहावें. आमचा जन्म वह्यांत गेला असल्यामुळें कोणी हंसतील, आणि वहीनें कोणी तरंगत नाहीं हें आम्हांसही ठाऊक आहे. पण रात्रीं आठ वाजतां एक नांव खोडलेलें नाहीं असें दिसलें, तर गांव त्याच रात्रीं कंदील व बॅटऱ्या घेऊन योग्य कांठास जातें. त्या भावाच्या प्रकरणीं लोक पहिले दोन तास पलीकडच्या कांठानें शोधीत होते.