घाटातली बस, लांब रांग आणि खिशातली साखर

‘घाटात एस.टी. लागली’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. पण अशा प्रवासात ओकारीपेक्षा मोठा धोका कोणता, हे मला कॅनडात कळले.

२०१० च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा आम्ही उभयता मुलाकडे होतो. आपल्या शिव केशवनची ल्यूज शर्यत व्हिसलर या डोंगरातल्या गावी होती. अंतर सुमारे १२० किलोमीटर, रस्ता वळणांचा. स्पर्धेच्या ठिकाणी प्रेक्षकांच्या गाड्या उभ्या करायला जागा नव्हती. बसचे तिकीट आधी काढायचे आणि ठरल्या वेळी बस गाठायची. व्यवस्था चोख होती. चुकलो मी, डॉक्टर असून!

सौ.ला मधुमेह. सकाळी तिने नेहमीची गोळी घेतली. मळमळेल म्हणून न्याहारी मात्र टाळली. मीही ‘बरं’ म्हणालो. दुपारी गर्दीत चार घास खाल्ले, तेवढेच. संध्याकाळी परतीच्या रांगेत ती थरथरू लागली, बोलणे तुटक झाले. थंडी वाजत असेल म्हणून मी तिला शाल पांघरली. सहज कपाळाला हात लावला, तर घामाने ओले! एवढ्या थंडीत घाम? रक्तातली साखर उतरली होती. मुलाच्या खिशात कॉफीबरोबर मिळालेल्या साखरेच्या पुड्या होत्या. त्यातल्या चार दिल्या. पंधरा मिनिटांत ती म्हणाली, ‘‘रांग काही पुढे सरकत नाही हो!’’ मला हायसे वाटले.

वाचकहो, यातून काय शिकायचे?

१. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले की जेवण चुकवू नये. बस लागत असेल तर थोडे, कोरडे खावे. पुढच्या बाकावर बसून दूरवर पाहावे, वाचू नये.

२. थरथर, घाम, बडबड किंवा गोंधळ दिसताच तीन चमचे साखर द्यावी. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटले की पोळी-बिस्किटे खावीत, कारण काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे.

३. औषधे अंगावरच्या खिशात ठेवावीत. बर्फात इन्सुलिन आतल्या खिशात असावे. गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

४. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. आतला कपडा सुती नको. घामाने भिजला की तो अंग गार करतो. बोटे पांढरी, बधिर झाली तर चोळू नयेत, शेकोटीवर धरू नयेत. काखेत धरून ऊब द्यावी.

व्हिसलर गाव आपल्या महाबळेश्वरहून कमी उंचीवर आहे. तिथे त्रास विरळ हवेचा नव्हता, उपाशीपोटी ताटकळण्याचा होता. जत्रेत आणि वारीतही रांगा असतातच. निघताना तिकिटाआधी साखरेची पुडी खिशात आहे ना, एवढे पाहा.