रिफायनरीच्या गाळातलं रसायनशास्त्र

मुलाला किंवा मुलीला घेऊन सिंगापूरच्या सेरांगून रोडवरच्या एखाद्या वाणसामानाच्या दुकानात जा. फरसाणाचं पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचायला सांगा. 319, 320, 321 असे आकडे दिसले, तर ते कृत्रिम अँटिऑक्सिडंट: टीबीएचक्यू, बीएचए आणि बीएचटी. तेल खवट होऊ नये म्हणून ते घालतात. 307बी दिसलं, तर ते टोकोफेरॉलचं नैसर्गिक मिश्रण, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या कुळातलं. ते बहुधा तेलशुद्धीकरणात उरलेल्या भागातून काढलेलं असतं.

हा उरलेला भाग म्हणजे काय? खाद्यतेलाचा वास घालवण्यासाठी ते निर्वातात 200 अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर मोकळी स्निग्धाम्लं निघून जातात आणि त्यांच्याबरोबर टोकोफेरॉल, स्टेरॉल, स्क्वालीनही. थंड झाल्यावर हाती येतं ते डिस्टिलेट. पामतेलाचं डिस्टिलेट साबण, पशुखाद्य, बायोडिझेल यांत जातं. पण त्यात थोड्या प्रमाणात टोकोट्रायनॉल असतात, तीही ई जीवनसत्त्वाच्या कुळातलीच. ती वेगळी काढायची तर आधी स्निग्धाम्लांचे एस्टर करायचे, ते ऊर्ध्वपातनाने बाजूला काढायचे आणि मग कमी दाबाखाली, उष्णतेने रेणू बिघडू न देता, उरलेल्यातून हवा तो भाग उचलायचा. तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यातलं ओरायझेनॉल हे अँटिऑक्सिडंट 1950च्या दशकात जपानी संशोधकांनी वेगळं काढलं. अल्कलीने शुद्ध करताना त्याचा मोठा हिस्सा सोपस्टॉकमध्ये, म्हणजे साबणाच्या गाळात, निघून जातो. भात पिकवणाऱ्या भारतासाठी हा गाळ मोलाचा आहे.

पालक मला विचारतात, ‘यात नोकरी आहे का?’ आहे, पण ‘अँटिऑक्सिडंट संशोधक’ अशा पदनामाने नाही. ती असते तेल, खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत, पायलट प्लांटमध्ये, गुणवत्ता तपासणीत. सिंगापूर या कामाला जवळचं ठिकाण आहे: पामतेल बनवणारे मलेशिया आणि इंडोनेशिया शेजारी, विल्मार या तेल कंपनीचं मुख्यालय इथेच, आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरबरोबर (एनयूएस) तिची 2018पासूनची संयुक्त प्रयोगशाळाही आहे. एनयूएसमध्ये फूड सायन्स शिकता येतं. ओ-लेव्हलनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हा मला अनेक मुलांसाठी अधिक योग्य वाटतो, कारण हात लवकर कामाला लागतात. ‘पॉली म्हणजे कमी प्रतीचं’ हा ग्रह आपल्या घरांतून जायला हवा.

भारतात परतायचं असेल तर मुंबईच्या माटुंग्यातली आयसीटी, म्हणजे 1933ची जुनी यूडीसीटी, तेल-तंत्रज्ञानासाठी नावाजलेली आहे. नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट (1942, आता विद्यापीठ) हाही जुना वारसा. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रवेशनियम वेगळे असतात. ते दोन वर्षं आधीच तपासा. पीआर घेतलेल्या घरातल्या मुलग्यांची नॅशनल सर्व्हिसची वर्षंही हिशेबात धरा.

एक गोष्ट मुलांना आजच सांगून ठेवावी. अँटिऑक्सिडंट म्हणजे अमृत नव्हे. 1994 साली फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, अधिक आढळला. परीक्षानळीतला गुण शरीरात तसाच दिसेल असं नाही. तेल टिकवणं हे या रेणूंचं सिद्ध झालेलं काम. त्यापलीकडचा प्रत्येक दावा पुराव्यावर तोलावा लागतो. गोळ्यांच्या जाहिरातीवर भुलून या क्षेत्रात येणारा मुलगा लवकर हिरमुसतो. एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजून आकडे जुळेपर्यंत न कंटाळणारी मुलगी मात्र इथे टिकते. गुणपत्रिकेवरच्या रसायनशास्त्राच्या गुणांहून हा स्वभाव मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जानेवारीत पॉलिटेक्निकांची ओपन हाऊस असतात. माहितीपत्रक घेऊन परतू नका. प्रयोगशाळा दाखवायला सांगा आणि तिथल्या विद्यार्थ्यालाच विचारा, एचपीएलसी यंत्र (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) तू स्वतः चालवतोस का, आठवड्यातून किती वेळा? प्रश्न आईवडिलांनी विचारू नये, मुलाला विचारू द्या.