दारूविना तोफ

तोफ म्हटली की दारू आलीच, अशी माणसाची शतकानुशतकांची समजूत. विज्ञानकथाकारांनी मात्र हे बंधन केव्हाच झुगारून दिले. जॉन मन्रो याने १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुक्रप्रवासाच्या कादंबरीत विजेची तोफ कल्पिली होती. आणि ‘द एक्स्पान्स’ या अलीकडच्या कादंबरीमालेत तर अंतराळातील युद्धनौका अशाच तोफा घेऊन झुंजतात. कथेत कळ दाबताच गोळा सुटतो. सुटल्यावर तोफेचे काय होते, हे सांगण्याची जबाबदारी कथाकारावर नसते!

या तोफेचे तत्त्व साधे आहे. धातूचे दोन समांतर रूळ आणि दोहोंना टेकलेला धातूचाच एक सरकता तुकडा. वीज एका रुळातून येते, तुकड्यातून पलीकडे जाते व दुसऱ्या रुळातून परतते. या प्रवाहाने निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र तुकड्याला वेगाने पुढे लोटते व त्याबरोबर गोळाही बाहेर पडतो. गोळा फेकण्यासाठी दारू लागत नाही, ही गोष्ट आरमाराच्या दृष्टीने लहान नव्हे. १९४१ साली शत्रूच्या माऱ्याने दारूचे कोठार उडून ब्रिटिशांची ‘हूड’ ही प्रचंड युद्धनौका बुडाली. तिच्यावरील चौदाशेहून अधिक माणसांपैकी अवघे तिघे वाचले.

अमेरिकन आरमाराने ही कल्पना मनावर घेतली. व्हर्जिनिया राज्यातील डाल्ग्रेन येथे १० डिसेंबर २०१० रोजी झालेल्या चाचणीत गोळा ३३ मेगाज्यूल ऊर्जेने सुटला. ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एक टन वजनाच्या मोटारीत जेवढी ऊर्जा असते, तिच्या तेहतीसपट ही ऊर्जा होय.

परंतु रुळांनी दगा दिला. ज्या प्रवाहाने गोळा सुटे, त्याच प्रवाहाने रूळ तापत आणि घर्षणाने झिजत. गोळा जितका जोरकस, तितकी तोफ अल्पायुषी. शिवाय क्षणार्धात लागणारी एवढी वीज साठविण्याची अवजड सामग्री जहाजावर बसवावी कोठे, हाही प्रश्न होताच. २०२१ साली अमेरिकेने ते काम थांबविले.

जपानने आपले प्रयोग चालू ठेवले. २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील आरमाराच्या एका चाचणी-जहाजावरून अशी तोफ समुद्रात डागण्यात आली. तिची शक्ती डाल्ग्रेनच्या तोफेहून कमी आहे. पण जपानी संशोधकांनी गोळ्याच्या वेगाइतकेच लक्ष रूळ टिकविण्याकडे पुरविले आहे.