मोजणी जुळत नाही, हे सांगण्याचे शिक्षण

अमेरिकेत ह्यूस्टनला असलेल्या आमच्या भाचीने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात नाव घातले, तेव्हा घरातल्या सर्वांचा एकच प्रश्न होता, "म्हणजे आता ती डॉक्टर होणार का?" नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग नर्स?" तेही नाही. ती सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टचे काम शिकते आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे अजून पटलेले नाही. बी.कॉम. झालेल्या मुलीने ऑपरेशनची हत्यारे पुढे करत उभे राहायचे, असे तिचे म्हणणे. बहिणीला जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो.

ऑपरेशन चालू असताना सर्जनसमोर गाऊन आणि हातमोजे घालून उभी राहणारी, मागण्याआधीच हातात कात्री, आर्टरी, टाक्याची सुई देणारी व्यक्ती म्हणजे हा टेक्नॉलॉजिस्ट. आपल्याकडे हे काम मोठ्या रुग्णालयात सिस्टर किंवा ओटी टेक्निशियन करतात. लहान गावात मात्र वर्षानुवर्षे थिएटरमध्ये वावरून तयार झालेले 'मामा' करतात. अमेरिकेत हा पेशा दुसऱ्या महायुद्धात वाढला. नर्सेस अपुऱ्या पडत, लढाऊ जहाजांवर तर त्यांना नेमतच नसत. म्हणून सैन्यातील मदतनिसांना हे काम शिकवले गेले. पुढे १९६९ साली त्यांची स्वतंत्र संघटना झाली.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या रहिवाशांसाठी चालवलेले, कमी फीचे, साधारण दोन वर्षांचे सरकारी कॉलेज. असे पहिले कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. अठरा वर्षांची मुले आणि संसारी बायका तिथे एकाच बाकावर बसतात. शरीररचना, जंतुशास्त्र, औषधांची माहिती हे विषय पुस्तकातून होतात. मग प्रयोगशाळेत खोट्या रुग्णावर खरी तयारी. त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णालयात किमान १२० शस्त्रक्रियांना उभे राहावे लागते. त्यांतील ३० सामान्य शस्त्रक्रियेच्या, म्हणजे हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय अशा. बाकीच्या हाडे, डोळे, स्त्रीरोग वगैरे शाखांतील. बहुतेक केसेसमध्ये मुख्य जबाबदारी स्वतः सांभाळलेली असली पाहिजे. नुसते कोपऱ्यात उभे राहून पाहिलेले चालत नाही.

पहिले काही आठवडे तिला हात धुणे आणि गाऊन घालणे एवढेच शिकवत होते. हे ऐकून बहीण हसली. पण यात हसण्यासारखे काही नाही. निर्जंतुक गाऊन घातला तरी तो सगळाच निर्जंतुक मानत नाहीत. समोरून छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतचा भाग आणि कोपराच्या थोडे वरपासून खाली बाह्या, एवढाच चालतो. पाठ गेली, काखा गेल्या, कमरेखालचे गेले. हात खाली सोडायचे नाहीत. टेबलाच्या कडेखाली लोंबणारी चादर हीही अशुद्ध. आपल्या आजीच्या सोवळ्याची आठवण व्हावी असे हे नियम आहेत. फरक इतकाच की यामागे जंतू आहेत, आणि ते कोणाचीही भीड ठेवत नाहीत.

एकदा सरावात तिच्या हातमोज्याचे टोक दिव्याच्या दांडीला निसटते लागले. कोणी पाहिले नव्हते. तिने स्वतःच "माझा मोजा बदला" असे सांगितले. शिक्षिकेने शाबासकी दिली नाही. नुसता दुसरा मोजा दिला आणि काम पुढे चालू केले. फोनवर भाची म्हणाली, "मामा, तिथे चूक कबूल करणे ही मोठी गोष्टच नाही. न करणे ही आहे."

दुसरा धडा मोजणीचा. ऑपरेशन सुरू होण्याआधी गॉज, मॉप, सुया आणि हत्यारे दोघांनी मिळून, मोठ्याने, एकेक वेगळे करून मोजायची. एक हा टेक्नॉलॉजिस्ट, दुसरी बाहेरून मदत करणारी नर्स. आकडा फळ्यावर लिहायचा. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे, कातडी शिवताना पुन्हा, मध्येच माणूस बदलला तर पुन्हा. आकडा जुळला नाही तर सर्जनला थांबवायचे. जमीन, कचऱ्याची बादली, चादरींच्या घड्या शोधायच्या. तरीही सापडले नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढायचा. गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो यासाठीच.

हे लिहिताना मला माझी एक रात्र आठवते. मी तेव्हा एका ग्रामीण भागातील दवाखान्यात होतो. रात्री दोन वाजता फुटलेल्या आतड्याची केस आली. मदतीला थिएटरमधले मामा, सातवी शिकलेले, पण हाताला अतिशय हुशार. पोट शिवायला घेतले तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, एक मॉप कमी वाटतोय." मी दमलेलो होतो. "नीट मोजा," असे खेकसलो. त्यांनी पुन्हा मोजले आणि म्हणाले, "बरोबर आहे साहेब." दोन महिन्यांनी तो शेतकरी पोटात गोळा आणि ताप घेऊन परत आला. पोट पुन्हा उघडावे लागले. माणूस वाचला. मॉप माझा होता. मामांनी दुसऱ्यांदा खरोखर मोजले, की माझा आवाज ऐकून आकडा जुळवला, हे मी त्यांना कधी विचारले नाही. विचारण्याचा मला अधिकारही नव्हता.

अशा घटनांचा एक गाजलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्यांत बॉस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे प्रमुख होते. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. शरीरात वस्तू राहिलेले ५४ रुग्ण त्यांनी तपासले. सुमारे दोन तृतीयांश वस्तू गॉज-मॉप होत्या. तातडीच्या ऑपरेशनमध्ये हा धोका कित्येक पटींनी वाढलेला आढळला. सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. जिथे मोजणी झाली होती, त्यांपैकी ८८ टक्के केसेसमध्ये शेवटची मोजणी 'बरोबर' समजली गेली होती! म्हणजे नुसते मोजून भागत नाही. कमी आहे असे वाटले तर ते बोलून दाखवण्याची हिंमत मोजणाऱ्याला असावी लागते आणि ऐकण्याची सवय सर्जनला.

पुढे गावंडे यांच्याच नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार केली. रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी मोजणी पूर्ण झाल्याचे मोठ्याने सांगणे त्यात आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. एका कागदाने एवढे साधले, हे मला आजही नवलाचे वाटते.

आपल्याकडील पालकांसाठी दोन शब्द. महाराष्ट्रातही बारावी विज्ञाननंतर ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचे पदवी शिक्षण आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली झालेल्या केंद्रीय कायद्यातही या पेशाचा समावेश आहे. मात्र प्रवेश घेताना आधी दोन प्रश्न विचारा. या अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता आहे? आणि विद्यार्थी प्रत्यक्ष किती शस्त्रक्रियांना उभे राहतात, कोणत्या रुग्णालयात? दुसऱ्याचे उत्तर गोलमाल मिळाले तर फी भरू नका. चकचकीत माहितीपत्रक पाहून पैसे घालवलेली दोन मुले गेल्या वर्षी माझ्याकडे काम मागायला आली होती. दोघांनाही निर्जंतुक गाठोडे उघडता येत नव्हते.

आणि ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरले आहे त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे, "साहेब, तुमच्याकडे गॉजची मोजणी कोण करते?" चांगला डॉक्टर रागावणार नाही.

भाचीच्या आतापर्यंत ८४ केसेस झाल्या. राहिलेल्या पूर्ण झाल्या की १७५ प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. टेक्सासमध्ये रुग्णालयात हे काम करायचे तर सहसा हे प्रमाणपत्र लागते. परवाच्या फोनमध्ये ती सांगत होती, एका ऑपरेशनला सुई सापडेना. सगळे पंधरा मिनिटे थांबले. सर्जन स्वतः गुडघ्यावर बसून टॉर्चने जमीन पाहत होते. सुई तिच्याच बुटाच्या तळव्यात रुतलेली निघाली.